झाकलेलं घमेलं

मनकर्णाचं एक ठाम मत होतं. ज्याचा माल शिळा, तोच बाजारात घसा फोडतो. म्हणून भद्रावतीच्या आठवडी बाजारात ती तीन महिने तोंड मिटून बसली होती.

पुढ्यात माशांचं घमेलं, त्यावर पळसाची पानं, त्यावर ओलं पोतं आणि वरून जुन्या लुगड्याची करकचून गाठ. एसटीत एकदा कुणीतरी वासावरून कटकट केली, तेव्हापासूनची ही गाठ. बाजारात पोचल्यावरही ती सोडायचं तिच्या जिवावर येई. ऊन लागेल, माश्या बसतील, कारणं हवी तेवढी. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, बाई गाडीची वाट बघत बसली आहे.

आत मात्र सोनं होतं. चिखलबोडीच्या बायकांनी दोन वर्षं कमरेइतक्या पाण्यात उभं राहून गावच्या जुन्या तलावात माजलेली बेशरमाची रानटी झुडपं उपटली, माशांना लागणाऱ्या पाणवनस्पती लावल्या. तेव्हा कुठे मरळ, शिंगूर, दाढक असे नाहीसे झालेले गावठी मासे परतले. ते खपले नाहीत तर तलाव ठेकेदाराला द्यायचा, असं सोमवारी गावच्या सभेत ठरणार होतं. सभेआधीचा आज शेवटचा बाजार.

शेजारी गोपाल बर्फातली मासळी विकायचा. तिचा उरलेला माल तो संध्याकाळी पडेल भावात उचलायचा, आणि मनकर्णा त्याला देवमाणूस समजायची.

दुपारी फॅक्टरीच्या कॉलनीतल्या साधनाबाई पिशवी घेऊन गोपालपुढे उभ्या राहिल्या.

"मागच्या वेळची दाढक आहे का रे? तशी चव लहानपणानंतर खाल्लीच नव्हती. आमच्या सगळ्या लाइनीत तुझं नाव झालंय."

"उद्या सकाळी दुकानात या, बाई. ते मासे तवाच मिळतात," गोपाल म्हणाला, आणि त्याचे डोळे एकदा घमेल्याकडे जाऊन आले.

मनकर्णाने ते डोळे पाहिले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरं सांगायचं तर गोपालचा राग कमी आणि स्वतःचा जास्त आला. त्याने काय चोरलं होतं? तिने झाकलेलं त्याने उघडून दाखवलं, एवढंच. पाण्यात उभ्या राहिलेल्या बायकांचं नाव सांगणं हे तिचं काम होतं, आणि तेच तिने केलं नव्हतं.

गाठ सुटेना. तिने ती दातांनी सोडली. पोतं, पानं बाजूला सारली. बाजारात ओरडतात कसं ते तिला ठाऊक नव्हतं, पण तलावाच्या या काठावरून त्या काठाच्या बाईला हाक कशी घालायची ते येत होतं. तिने तीच लांब हाक घातली.

"चिखलबोडीच्या तलावाची दाढक वोऽऽ. आम्ही बायकाईनं पोसली वोऽऽ."

अर्धा बाजार वळला. साधनाबाई तर घमेल्यापाशी बसल्याच.

"अगं, हेच ते मासे. कुठे होतीस इतके दिवस?"

"इथीच होती बाई. तीन महिन्यांपासून."

"काऊन वो मनकर्णाबाई," गोपाल कुरकुरला, "माह्या पोटावर पाय देऊन राह्यल्या का?"

"तुम्ही तुमची बर्फाची विका ना भाऊ. हे आता आमच्या नावानं जाऊ द्या."

गोपालला हसू आलं. त्याला हेही कळलं असावं की तिच्यापुढे जमलेली गर्दी त्याच्याही टोपलीत डोकावत होती. ऊन उतरायच्या आत घमेलं रिकामं झालं.

परतीच्या गाडीत मनकर्णा खिडकीशी बसली. सोमवारी सभेत काय बोलायचं ते तिला आता तोंडपाठ होतं. मन कसं भरून आलं होतं. मांडीवर रिकामं घमेलं, उघडंच.

"बाई, ते झाका ना," कंडक्टर म्हणाला. "वास येऊन राह्यला."

मनकर्णाने लुगड्याची घडी केली आणि पिशवीत ठेवून दिली.

"चिखलबोडीच्या तलावाचा वास आहे, भाऊ," ती शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पुढच्या बाजारालेबी याच गाडीत असन मी."

मागून कुणीतरी विचारलं, मरळ मिळेल का म्हणून.