विसाव्याच्या पुढे

"या, पुढं या. लांबून काय बघता? हात लावून बघा," लोटननाना म्हणाले आणि पाच कंदील चौकात जमलेली माणसं हसली. चौकाला हात कसा लावायचा? पण नानांची ती जुनी खोड. आग्रा रोडवरच्या साड्यांच्या दुकानात गादीवर बसून सारा जन्म गेलेला. गिऱ्हाइकापुढे घडी उलगडावी तसं ते गाव उलगडत. ही बघा गल्ली, इंग्रज साहेबानं पट्टी ठेवून आखलेली, सरळच्या सरळ, कुठं सुरकुती दिसली तर सांगा. माणसं खूश व्हायची.

दर रविवारी सकाळी धुळ्यात ही चौकांची फेरी निघायची. ती सुरू केली होती भूमिकानं. जळगावला कॉलेजात शिकवणारी मुलगी, माहेर धुळ्याचं. जुने चौक लोकांनी पायी फिरून बघावेत असं तिला फार वाटायचं. नाना आपण होऊन तिच्याकडे गेले होते. म्हणाले, मला बोलता येतं, चालता येतं, आणखी काय लागतं? तिनं सनावळ्यांचा कागद दिला, तो नानांनी पहिल्याच आठवड्यात कुठंतरी हरवला. कराचीवाला खुंट या चौकाची गोष्ट तर ते दर रविवारी निराळी सांगत. एकदा कराचीचा व्यापारी घोड्यावरून यायचा, एकदा उंटावरून. भूमिका कपाळाला हात लावायची, पण फेरीला माणसं येत होती ती नानांमुळेच, हेही तिला कळत होतं.

रस्ता मात्र नानांनी ठरवला होता आणि त्यात ते कुणाचं ऐकत नसत. स्वतःच्या गल्लीच्या तोंडापासून निघायचं, एकेक चौक घेत उतरत जायचं आणि कडुनिंबाखालच्या ओट्यापाशी थांबायचं. फेरीतल्या माणसांना त्यात काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. नानांच्या समोर राहणाऱ्या कुंदाबाईनं मात्र पहिल्याच रविवारी ओळखलं. गल्लीतलं माणूस गेलं की याच रस्त्यानं नेतात. त्या ओट्यावर तिरडी टेकवतात, विसावा देतात, खांदेकरी पुढचे मागं होतात, आणि तिथून नदीवर.   

नानांनी या रस्त्यानं किती माणसं नेली त्याला गणती नाही. गल्लीत कुणी गेलं की पहिला निरोप त्यांना. दुकानातून उठायचे, रुमालाची घडी उजव्या खांद्यावर टाकायचे आणि पुढच्या बाजूला लागायचे. उंची चांगली, चाल संथ. नानांचा खांदा असला की तिरडी हलत नाही, असं लोक म्हणायचे. त्यांच्या बायकोला, झुंबरबाईला, नवऱ्याच्या या खांद्याचा फार अभिमान होता. विचित्रच अभिमान म्हणायचा, पण होता. एकदा शेजारचं एक माणूस गाडीत घालून बायपासनं नेलं, तेव्हा ती घराच्या ओट्यावर बसून जाम भडकली होती.

"माले चौकमाईन लई जाजा," चौकातूनच न्यायचं, असं तिनं नानांना बजावलं होतं. "बायपासनी जावाले मी काय कांदास्ना ट्रक शे का?"

बाई होतीच तशी चौकातली. कानबाई देवी मिरवायला निघाली की सगळ्यात पुढे. भाजी घ्यायला गेली तरी चार चौकांत चार बैठका करून यायची. फुलवाला चौकात गजरा माळल्याशिवाय तर पायच उचलायची नाही. नाना चिडवायचे, तुझं अर्धं सासर रस्त्यावर आहे.

आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती दवाखान्यात गेली ती परत आलीच नाही. नीलेश, त्यांचा मुलगा, सुरतेला अडकलेला. गेटवरच्या माणसानं नानांना लांबूनच सांगितलं की बॉडी मिळणार नाही. नाना रुमालाची घडी खांद्यावर टाकून उभे होते. त्यांच्या समोरून गाडी निघाली आणि बायपासला लागली. साऱ्या गल्लीला खांदा दिलेल्या माणसाला स्वतःच्या बायकोला खांदा देता आला नाही. घरी आले तेव्हा गल्लीतली सगळी दारं बंद होती. पायावर पाणी घालायलाही कुणी आलं नाही, आणि त्यांना त्याबद्दल राग नव्हता. भीतीच तशी होती.

राग होता तो गाडीचा. आणि झुंबरबाईचाही थोडा, कारण ती काही जाईना.

हो, जाईना. रात्री-बेरात्री दिसणं, भांडी वाजणं, असलं काही नाही. ती फक्त खांद्यावर असायची. रविवारी घराला कुलूप घातलं की उजवा खांदा जड व्हायचा, गल्लीच्या तोंडाशी तर चांगलाच वाकायचा. नाना रुमालाची घडी नीट करत. घामासाठी असेल, असं भूमिकाला वाटायचं. मग चालायला लागायचं. पुढे नाना, मागे माणसं, हळू आवाजात बोलत. एकट्यानं कुणाला नेता येत नाही, मागं चालणारी माणसं लागतात. म्हणून तर नाना भूमिकाकडे गेले होते. तिला चौकाचौकांतून नेऊन नीट पोचवायचं, एवढंच त्यांना करायचं होतं.

पण विसाव्याच्या ओट्यापाशी आलं की त्यांचा पाय अडायचा. पुढं नदी, आणि नदीवरून तिच्याशिवाय परत यायचं. पोचवायची होती आणि सोडवत नव्हती. मग ते वळून हात जोडत आणि म्हणत, संपलं, पुढं बघण्यासारखं काही नाही. माणसं पोह्याच्या गाडीकडे पांगत. नाना खांद्यावरचं ओझं तसंच घेऊन घरी येत, कुलूप काढत, आणि दार उघडून क्षणभर बाजूला उभे राहत. ती आधी आत जावी म्हणून.

हे असं किती महिने चाललं असतं कोण जाणे. पण आज फुलवाला चौकात भूमिका त्यांच्याजवळ आली. नाना फुलांच्या टोपल्यांपाशी नेहमीसारखे जरा जास्तच थांबले होते, खांदा टोपल्यांच्या बाजूला झुकला होता. ती उत्साहानं म्हणाली की पुढच्या रविवारपासून फेरी उलटी करायची. पुलावर जमायचं, नदी बघायची, मग एकेक चौक घेत गावात शिरायचं. लोकांची तशी मागणी आहे, पोस्टरही झालंय.

नानांनी खांद्यावरची घडी हातानं धरली.

"नदीकडून माणसं घेऊन गावात शिरायचं नसतं, ताई," ते म्हणाले.

ती हसली. का नसतं, असं तिनं विचारलंही. नाना पुढे चालू लागले. आज पहिल्यांदाच त्यांनी त्या चौकाची गोष्ट सांगितली नाही. मागून कुणीतरी विचारलं, या चौकाचं काय? त्यांना ऐकूच आलं नाही.

त्यांचं डोकं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. आजचाच दिवस. आज पोचवली नाही तर पुढच्या रविवारी आपल्यालाच तिला नदीवरून उलटी गावात आणावी लागेल. किंवा फेरी सोडायची आणि ती तिथंच ओट्यावर पडून राहील, ना घरची ना नदीची. कुठल्याही बाईचे असे हाल होऊ नयेत. हिचे तर नाहीच नाही.

ओटा आला. कडुनिंबाचा पाला वाऱ्यावर पडत होता. सवयीनं माणसं थांबली, कुणी मोबाइल काढला. भूमिका आभार मानायला पुढं झाली, तसे नाना खाली वाकले. रुमालाची घडी खांद्यावरून काढून त्यांनी ती ओट्यावर ठेवली, अगदी हळू, हलू न देता. थोडा वेळ तशीच राहू दिली. मग उचलून खांद्यावर टाकली, डाव्या.

"आज पुढं जायचं," ते म्हणाले. "आता तुम्ही पुढं व्हा. मी मागं येतो."

"पण नाना, पुढं काही नाही असं तुम्हीच..."

"इथून पुढचे मागं होतात, ताई."

भूमिका शहरात शिकलेली असली तरी पोरगी इथलीच. आजोबा गेले तेव्हा ती गल्लीच्या टोकापर्यंत मागं आली होती, तिथून बायकांना परत फिरवलं होतं. तिनं ओट्याकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या घडीकडे, मग आलेल्या रस्त्याकडे. एकेक चौक तिच्या डोळ्यांपुढून गेला असावा, कारण तिचा चेहरा उतरला.

"कुणाला, नाना?" तिनं अगदी हळू विचारलं.

"हिला." नानांनी खांद्यावरची घडी सावरली. "गाडीतून नेली माझी बाई, बायपासनं. एवढी माणसं मला पुन्हा कुठं मिळणार?"

भूमिकानं डोळे पुसले नाहीत, ओढणी तेवढी डोक्यावर घेतली. माणसांकडे वळून तिनं सांगितलं की आपण नदीपर्यंत जाणार आहोत, शांतपणे चला, रस्त्यात थांबू नका. आणि ती पुढं लागली. मागं सगळी पाहुणे मंडळी, बूट घातलेली, पाठीवर पिशव्या लटकावलेली. कुणाला कशाचा पत्ता नाही, पण तिच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून सगळे गप्प चालत होते. सगळ्यात शेवटी नाना. झुंबरबाईला एवढी माणसं बघून बरं वाटलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. गप्प चाललेली बघून मात्र ती वैतागली असती.

पांझरेला पाणी बेताचंच होतं. पाहुणे पूल बघत पसरले, काठावरच्या देवळाचे फोटो काढू लागले. नाना पायऱ्या उतरून खाली गेले. शेवटच्या पायरीवर रुमालाची घडी ठेवली. काहीतरी बोलावं असं त्यांना वाटलं, पण एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांपुढे ज्यांचं तोंड कधी मिटलं नाही, त्यांना एक शब्द सुचेना. "आलो चौकातून," एवढंच ते पुटपुटले. मग वळले आणि चढू लागले.

"अहो नाना, फोटो राहिला की सगळ्यांचा," एक गृहस्थ मागून ओरडले. "नाना!"

नानांची पावलं किंचित अडखळली.

"हाक मारू नका त्यांना," भूमिका म्हणाली. "मागं वळून बघायचं नसतं."

नाना चौकांतून परतले नाहीत. भलत्याच गल्लीनं, लांबच्या वळशानं आले. घरासमोर आले तेव्हा कुंदाबाई दारात धान्य निवडत बसली होती. तिनं मान वर केली. नाना मागल्या बाजूनं आलेले, खांद्यावर रुमाल नाही, आणि कुलूप न काढता स्वतःच्याच दाराबाहेर उभे. तिनं सूप खाली ठेवलं. काही न विचारता आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. दुसऱ्या हातात कडुनिंबाची डहाळी होती.

"पोचाडी उनात का, नाना?"

पोचवून आलो, अशी नानांनी मान हलवली. कुंदाबाईनं त्यांच्या पायावर पाणी घातलं, एका पायावर, मग दुसऱ्या. त्या दिवशी तिचंही दार बंद होतं. आज तिनं तांब्या पार रिकामा होईपर्यंत धार तोडली नाही. नानांनी चार पानं तोडून तोंडात टाकली. पाला फार कडू होता, ते हळूहळू चावत राहिले.

मग त्यांनी कुलूप काढलं, आत गेले आणि दार लोटून घेतलं. बाजूला उभे राहिले नाहीत.