दुसरं कुलूप

"कुलूपकाका, आज तुमच्या जोडीला घाई," साहेब म्हणाले आणि त्यांनी लगेच फोन कानाला लावला. फोनच्या पलीकडे कोणी नव्हतं, हे कुलूपला कळत होतं. पण साहेब तरुण होते, आणि अप्रिय बातमी दिल्यावर कुठे बघायचं हे त्यांना अजून शिकायचं होतं.

"घाई तर गोडाउनला आहे ना?"

"होता. माणसं कमी पडतायत. वृद्धाश्रमाची लिफ्ट बंद पडलीय, म्हातारी माणसं वर अडकलीत. तुम्ही दोघंच मोकळे आहात." साहेबांनी फोन दुसऱ्या कानाला नेला. "आणि काका, झालं गेलं..."

पुढचं 'विसरा' त्यांनी फोनलाच सांगितलं.

कुलूप 'बरं' म्हणाला.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत खरी नावं फक्त पगारापुरती होती. एरवी ज्याला जे चिकटलं ते चिकटलं. घाई हा जन्मतःच घाई होता. जेवताना पहिला घास घशात, दुसरा तोंडात आणि तिसरा हातात. कुलूप मात्र पन्नाशी उलटल्यावर कुलूप झाला, आणि त्याला कुलूप करणारा घाईच.

गेल्या वर्षी कुलूप एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. लिफ्टची विहीर तळमजल्याच्याही खाली थोडी जाते, तिथे ग्रीस लावायचं काम होतं. घाई वर मशीनरूममध्ये होता. मेन स्विच बंद असला की त्याच्या दांड्यात कुलूप अडकवायचं आणि काढायच्या आधी विहिरीत वाकून हाक मारायची, असा रिवाज. खालच्याने स्वतःच्या तोंडाने 'बाहेर आलो' म्हटल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. त्या दिवशी घाईने हाक मारली नाही. एव्हाना हा चहाला गेला असेल असं त्याला वाटलं. चहाच्या वेळी माणूस चहालाच जातो, यावर त्याचा गाढ विश्वास.

लिफ्ट खाली आली. कुलूप तेलकट पाण्यात आडवा झाला. त्याच्या नाकावर ती थांबली तेव्हा खाली आडव्या माणसापुरती जागा उरली होती, तीही पोट आत घेतलं तर. त्या जागेत त्याने देवाला हाक मारली. नंतर चौकशी झाली. चौकशीत असं निष्पन्न झालं की चूक झाली होती.

घाईला गोडाउनला पाठवलं. प्रत्येक माणसाने स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, असा कंपनीने नियम केला. हा आपला मेकॅनिक त्या दिवसापासून दोन कुलपं लावू लागला. दोन्ही स्वतःचीच. एक किल्ली डाव्या खिशात, एक उजव्या. लोक हसले, नाव पडलं. तो लिफ्टमध्ये बसायचाही बंद झाला. लिफ्टचा मेकॅनिक हातात पेटी घेऊन धापा टाकत जिने चढतोय, हे दृश्य गिऱ्हाइकांना फारसं धीर देणारं नव्हतं. घरी त्याने माळ्यावरचं सगळं सामान बायकोला खाली काढायला लावलं, कारण डोक्यावर काही आहे म्हटलं की त्याला झोप लागत नसे. सामान खाटेखाली गेलं. "आता वरून काही पडणार नाही," बायको म्हणाली, "पडलात तर तुम्हीच पडाल, ट्रंकेला अडखळून."

देवाबद्दल म्हणाल, तर तो दर रविवारी चर्चला जाई, मधल्या बाकाच्या कडेला, दाराजवळ बसे. देवावर प्रेम आहे का असं कोणी विचारलं असतं, तर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं असतं की ओळख आहे, संकटात भेट होते.

कालच्या रविवारी पाळकसाहेबांनी नेमकं तेच काढलं होतं. देवावर प्रेम, शेजाऱ्यावर प्रेम, आणि शेजाऱ्यावर किती, तर स्वतःवर करतोस तितकं. उपासना संपल्यावर कुलूप त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, शेजारी म्हणजे कुठवर धरायचा?"

"ज्याच्या नावाने पोटात गोळा येतो, तिथवर."

हे उत्तर कुलूपला आवडलं नाही. "आणि स्वतःवर किती करतो, ते कसं मोजायचं? मला तर रात्री झोपही नाही. तसंच शेजाऱ्याला द्यायचं म्हटलं तर त्यालाही जागवावं लागेल."

पाळकसाहेब हसले, मग हसायचे थांबले. "झोप नाही ती नाही. पण जीव जपण्यासाठी काहीतरी करतच असशील की?"

"दोन कुलपं लावतो."

"मग तेच माप," ते म्हणाले. त्यांना कुलपांबद्दल काही माहीत नव्हतं. दाराची असतील असं त्यांना वाटलं.

वृद्धाश्रमाच्या दारात घाई आधीच येऊन उभा होता. वाळला होता. गोडाउनच्या धुळीने केस लवकर पिकवले असावेत.

"काय कुलूपराव."

"काय घाई."

वर्षभराचं बोलणं एवढ्यावर आटोपलं. मेट्रनबाई तरातरा आल्या. "आलात? लवकर हात चालवा. वरच्या मजल्यावरच्या आजी सकाळपासून खाली यायचं म्हणून तयार होऊन बसल्यात. पावडर लावून."

"लिफ्ट कुठे अडकलीय?" कुलूपने विचारलं.

"वरच. गेली ती गेली, उतरायचं नावच नाही. माणसाच्या वयासारखी."

घाई म्हणाला, "खालचा स्विच अडकला असणार. तू वर जाऊन मेन बंद कर. खड्ड्यात मी उतरतो."

"मी उतरतो की," कुलूप म्हणाला.

"नको." घाई जमिनीकडे बघत होता. "आज मी."

जिना चढताना कुलूपला आधी हायसं वाटलं. आपण वर आहोत, तो खाली आहे. दुसऱ्या मजल्यावर तो दम खायला थांबला, तेव्हा तेच वाक्य पुन्हा मनात आलं: आपण वर आहोत, तो खाली आहे. या वेळी त्यात हायसं वाटण्यासारखं काही नव्हतं. तो घाईघाईने पुढे चढला, मागून कोणी येत असल्यासारखा.

मशीनरूममध्ये गरम तेलाचा वास होता. जमिनीतल्या भोकांतून जाड दोर खाली विहिरीत गेले होते. त्याने भोकाशी वाकून पाहिलं. तळाशी टॉर्चचा उजेड हलत होता. घाई उतरलासुद्धा होता. मेन अजून चालू, कुलूप लागलेलं नाही, आणि हा गडी खाली! वर्षभर गोडाउनमध्ये खोकी मोजून माणूस एवढंही शिकत नाही?

"कुलूप! बंद केलंस का?" खालून हाक आली.

मेन स्विच त्याच्या उजव्या हाताला होता. त्याच्या शेजारी तपासणीचं बटण. ते दाबलं की लिफ्ट हातभर खाली सरकते. सोडलं की थांबते. बंद पडलेली लिफ्टही त्या बटणावर हलते, म्हणून तर ते असतं.

हातभरच. कोणाला काही होणार नाही. वर विहिरीत गडगड होईल, दोर थरथरतील आणि खालचा माणूस पाण्यात आडवा पडेल. एवढंच. जीव घ्यायचा नाही. त्याने दिलेली वस्तू त्याला परत करायची. आपण ती वर्षभर सांभाळली. रात्री उशाशी घेऊन निजलो. तिच्यासाठी माळा रिकामा केला.

"कुलूप?"

तो बोलला नाही.

आपला हात बटणाजवळ गेलेला त्याने पाहिला. हात त्याचाच होता, नखांत ग्रीस होतं. वर्षभर त्याला लिफ्टची भीती वाटली, छताची वाटली, घाईची वाटली. पण आत्ता त्याला वाटली ती भीती निराळीच होती. तिच्यापासून लांब जाऊन उभं राहायला जागाच नव्हती.

"अरे, आहेस का वर?" घाईचा आवाज बदलला होता. टॉर्चचा उजेड भिंतीवर वेडावाकडा धावला. "ए... बोल ना रे!"

मग खाली काहीतरी आपटलं, टॉर्च असावा, कारण उजेड गेला. आणि विहिरीतून अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने एक शब्द वर आला.

"देवा."

घाई कधी चर्चला किंवा आणखी कुठे गेल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. पण तो स्वर कुलूपच्या ओळखीचा होता. आडवा पडून, पोट आत घेऊन, लोखंड नाकाला लागलेलं असताना, त्याने स्वतः तो लावला होता. तेव्हा वर कोणी ऐकणारं नव्हतं असं तो वर्षभर धरून चालला होता. आज वर तो होता, आणि त्याला ऐकू येत होतं. आणि ज्याला हाक होती, तो या विहिरीच्या दोन्ही टोकांना असणार हे कुलूपला अचानक इतकं स्पष्ट झालं की त्याने बटणावरून हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. हा देव आपल्याच ओळखीचा. खालच्याच्याही.

त्याने मेन खाली ओढला. मशीनचा गुणगुणता आवाज मेला.

"बंद केला!" तो ओरडला. आवाज फाटला. "हलू नकोस. आलो."

त्याने पहिलं कुलूप अडकवलं आणि किल्ली डाव्या खिशात टाकली. मग सवयीने दुसरं अडकवलं. दुसरी किल्ली उजव्या खिशाकडे नेली, ती तिथेच थांबली. थोडा वेळ त्याने ती मुठीत धरून ठेवली. मग तशीच मूठ करून तो सगळे जिने उतरला. मेट्रनबाईंनी मध्ये "झालं?" विचारलं, तेव्हाही तो थांबला नाही.

घाई खड्ड्यात उकिडवा बसला होता. शिडी हाताशी असून चढलेला नव्हता. कुलूपने वरून टॉर्च मारला.

"वर का नाही आलास?"

"पाय येईनात." घाईने तोंड पुसलं. "त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा उतरलोय. गोडाउनलाही तळघरात जात नव्हतो. दुसऱ्याला पाठवायचो."

"मग आज कशाला उतरलास? तेही मेन चालू असताना?"

"थांबलो असतो तर उतरलोच नसतो."

कुलूप शिडीवरून खाली आला. आपण खड्ड्यात आलो आहोत, हे तळाच्या पाण्यात बूट भिजल्यावर त्याच्या लक्षात आलं. वर अंधारात, कितीतरी उंच, लिफ्टचं बूड होतं.

"मी वर गप्प होतो," तो म्हणाला. "ऐकू येत होतं. मुद्दाम गप्प होतो."

"कळलं मला."

"बटणावर हात होता."

घाईने पाण्यात पडलेला टॉर्च उचलून पुसला. "माझ्या जागी कोणीही..." तो म्हणाला आणि थांबला. "नाही. मी त्या दिवशी हाक मारायला हवी होती. कोणीही नाही, मीच."

चौकशीत वर्षापूर्वी निघालं नव्हतं ते एवढंच.

कुलूपने मूठ उघडली. "धर. वर दोन कुलपं आहेत. हे तुझं. ही किल्ली तुझ्या खिशात. तू काढल्याशिवाय मीसुद्धा मेन लावू शकत नाही."

"आणि तुला?"

"माझं एक आहे."

"तुला तर दोन लागतात ना रे?"

"लागतात," कुलूप म्हणाला. "पकड कुठाय तुझी?"

अडकलेला स्विच दोघांनी मिळून सोडवला. काम सोपं होतं. घाई दर थोड्या वेळाने खिसा चाचपत होता. कुलूपही. एकदा दोघांनी एकाच वेळी चाचपला, तेव्हा घाईला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं.

वर मशीनरूममध्ये कुलूपने आपलं कुलूप काढलं. घाईची किल्ली मात्र भोकात जाईना. ती कुलपाच्या तोंडाभोवती टकटक करत राहिली. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, हा नियम. कुलूप टॉर्च धरून उभा राहिला. उजेड हलू नये म्हणून त्याने मनगट दुसऱ्या हाताने धरलं होतं. शेवटी कुलूप उघडलं.

"घे," घाई म्हणाला.

"राहू दे. उद्या लागेल."

"तू हाक मार," घाई म्हणाला. "रिवाज आहे."

दोघंही वर होते, विहिरीत कोणी नव्हतं. तरी कुलूपने वाकून हाक मारली, आणि उत्तर न येण्याची वाट पाहिली. मग मेन चालू केला.

मेट्रनबाईंनी पावडर लावलेल्या आजींना चाकाच्या खुर्चीतून आणलं. आधी मेकॅनिक जाऊन बघेल, मग तुम्ही, असं घाईने त्यांना समजावलं. त्याने कुलूपकडे पाहिलं. कुलूपने नकारार्थी मान हलवली, पेटी उचलली आणि जिन्याकडे वळला.

एक मजला उतरून तो पोचला तेव्हा लिफ्टचं दार उघडं होतं. आत घाई दार उघडं ठेवायच्या बटणावर बोट दाबून उभा. कुलूप पुढचा जिना उतरू लागला. मागे दार मिटलं. त्याच्या खालच्या मजल्यावर पुन्हा तेच. दार उघडं, घाई उभा. ज्या माणसाने आयुष्यात चहासाठीही कोणाची वाट पाहिली नव्हती, तो प्रत्येक मजल्यावर धापा टाकणाऱ्या माणसासाठी थांबत होता. वरून आजींचा आवाज आला, "अहो, नुसतंच उघडतंय-मिटतंय का ते?"

पहिल्या मजल्यावर कुलूप दारासमोर थांबला. आत दिवा होता, आरसा होता, आरशात एक घाबरलेला माणूस पेटी घेऊन उभा होता. छत फार खाली वाटत होतं. त्याने एक पाय पुढे टाकला आणि मागे घेतला.

घाईचं बोट बटणावरून हललं नाही.

कुलूप वाकला. त्याने पेटी आत सरकवली, घाईच्या पायाशी, आणि उरलेला जिना रिकाम्या हातांनी उतरला.