आठाच्या पटीत

ऋतुराजनं आधी एंटर दाबलं, मग अप्पांच्या ताटाला ताट लावून जेवला, आणि नीट वाचलं सगळ्यात शेवटी.

तोवर अडीच तास झालेले. पडद्यावरची पट्टी शंभरावर जाऊन थांबलेली आणि तिच्यावर डिस्कचं नाव. त्यानं शेंगाचटणीचं बोट पँटला पुसलं, चष्मा पुसला, परत वाचलं. नाव तेच होतं. डिस्क दुसरी होती.

"झालं का रे तम्मा?" आतनं अप्पांची हाक आली.

"होतंय, अप्पा."

अप्पा म्हणजे मडिवाळप्पा. चाळीस वर्षं चादरीची डिझाइनं काढलेला माणूस. ग्राफ पेपरवर एकेक घर रंगवायचे, कागद जायचा कारखान्यात, आणि मागावर मोर उतरायचा. दोनशे बारा डिझाइनं. सगळं आठाच्या पटीत; आठ घरं, सोळा घरं, चोवीस घरं. "मोजायला सोपं, इणायला सोपं. माज्या डिझाइनात दुसरा आकडा गावला तर मिशी काढीन," म्हणायचे. कारखाना बंद पडला, कागद वाळवीनं खाल्ले. नशीब एवढंच की त्याआधी सगळे स्कॅन करून ठेवलेले. मग साखरेनं डोळे खाल्ले. आता समोर बघितलं की नुसता काळा डाग. मान तिरकी केली तरच कडेकडेनं काही दिसायचं.

त्यातनं अप्पांच्या कॉम्प्युटरला विंडोज झेपेना. चालू करून अप्पांची बायको केराकाकू भाजी निवडायला बसायची, निवडून उठायची, तरी ते फिरतंयच. मग जुळे सोलापुरातनं गाडी मारत ओळखीतला ऋतुराज आला. विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकटच्या लिनक्सचं लई वेड पोराला. आठवड्याला त्यातला एक प्रकार टाकायचा, एक काढायचा. मित्र म्हणायचे, "ह्याच्या लॅपटॉपला स्वतःचं घरच न्हाय, नुसता भाड्यानं फिरतोय."

पण अप्पांचं काम त्यानं जीव ओतून केलं, हे खरं. डिझाइनं आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवली, कॉम्प्युटरचा डबा उघडून तिची वायर काढून ठेवली, आणि मगच पहिली पुसली. उबुंटू टाकलं, जड झालं. मिंट टाकलं आणि जमलं! डिझाइनांची डिस्क परत जोडली. काळा पडदा, बोटाएवढी पांढरी अक्षरं, फाइलवर गेलं की नाव बोलून दाखवायचं. अप्पांनी मान तिरकी केली, बराच वेळ बघितलं.

"मोर हाय की रे," एवढंच म्हणाले. काकूनं पदर डोळ्याला लावला.

तिथं थांबायचं होतं.

पण मित्रांच्या ग्रुपवर पोरं म्हणाली, मिंट काय टाकतोस, डेबियन टाक. दगड हाय दगड, दहा वर्षं हलणार न्हाय. आणि कुलूप लाव डिस्कला, म्हाताऱ्याची जन्माची कमाई हाय ती. ऋतुराजला पटलं. रविवारी गेला. आता परत डबा कुठं उघडायचा, म्हणून दोन्ही डिस्क तशाच जोडलेल्या ठेवल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. शेकडो वेळा दाबलेलं बटण, हाताला पाठ; ते दाबलं गेलं डिझाइनांच्या डिस्कवर. आणि ते कुलूप लावताना डिस्क आधी सगळी निरर्थक आकड्यांच्या कचऱ्यानं भरली जाते, टोकापासून टोकापर्यंत, म्हणजे खालचं जुनं काही कुणाला वाचताच येऊ नये.

चार दिवस त्यानं ती डिस्क घरी नेऊन उलटीपालटी केली. एक घरसुद्धा हाती लागलं नाही.

गुरुवारी अप्पांचा फोन. "शनिवारी आरोही यायलीय." आरोही म्हणजे नात, पुण्यात डिझाइनचंच शिकणारी. "तिला सगळं दावायचंय. त्याआदी माजं एकदा बगून होऊ दे."

शुक्रवारी अप्पांकडं येताना सगळा रस्ता त्यानं घोकलं. अप्पा, माझ्याकडून गेलं. अप्पा, सगळं गेलं. दारात चप्पल काढताना परत एकदा घोकलं. अप्पा खुर्चीत बसूनच होते, धुतलेला शर्ट घालून.

"मोर उगड."

ऋतुराजनं चित्रं काढायचा प्रोग्रॅम उघडला. पडदाभर रिकामी चौकटीची घरं.

"उघडला, अप्पा," तो म्हणाला. आपण असं म्हणणार आहोत, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

अप्पांनी सवयीनं मान तिरकी केली. तशीच ठेवली थोडा वेळ. मग सरळ केली, आणि नाकासमोर, जिथं त्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथं बघत बसले.

"रंग उडाल्यागत वाटतोय," ते म्हणाले. "मी सांगतो, तू वरनं गिरव."

"बरं."

"डाव्या कोपऱ्यातनं आठ सोड. चोवीस भर. वरच्या वळीत सोळा."

ऋतुराज भरत गेला. मोराचे पाय आले, पोट आलं. अप्पांचं बोट टेबलावर टकटक मोजत होतं. मानेपाशी आलं आणि अडलं.

"हितनं पुडं..." बोट वर राहिलं. "सोळा? न्हाय. सोळा पंखाला होते." आत काकूची भाकरी थापायची थांबली. "आटवंना रे. पुडचं तूच बगून सांग की."

ऋतुराजनं पांढऱ्या घरांकडं बघितलं.

"बारा," तो म्हणाला. "बारा घरं आहेत, अप्पा."

टेबलावर टेकत आलेलं बोट तसंच वर थांबलं.

"बारा," अप्पा म्हणाले. त्यांनी मिशीवरनं एकदा हात फिरवला. "बरं. बारा भर."

त्यानं बारा भरली. मोराची मान जरा आखूड झाली.

"आन तम्मा," अप्पा सरळ समोर बघत म्हणाले, "हे आजचं दोन जागी ठिव."