मनुकांचा रस

"थुंक. आधी थुंक, मग रड."

एरंडाची बी तोंडात घातलेल्या चार वर्षांच्या ग्रेसच्या पाठीत थाप मारत सत्यवान मास्तर असं म्हणाले होते. त्याला पंचवीस वर्षं झाली. तरी दौंडजवळच्या माळावरच्या या वायनरीत रोज सकाळी चव घ्यायला बसलं की वडलांचा तो आवाज तिला ऐकू यायचा. आताही आला. ती खाली वाकली आणि तोंडातली वाईन तिनं स्टीलच्या बादलीत थुंकली.

टेबलावर पांढरा कागद अंथरून त्यावर पाच ग्लास ठेवले होते. पहिले दोन पांढऱ्या वाईनचे. पहिलीला कच्च्या पेरूचा वास होता आणि त्याच्या मागून नुकत्याच कापलेल्या घासाचा. जिभेवर आली तशी ती गेली, दारातूनच हाक मारून पुढं निघालेल्या पाहुण्यासारखी. दुसरी लाकडी पिंपात राहिलेली, लोणी आणि भाजलेल्या खोबऱ्याची, अंगानं जड. ही जेवून झाल्यावरही उठायचं नाव घेत नव्हती. तिसरी लाल. तिच्यात जांभळाचा गर होता, मिरी होती आणि तळाशी विझलेल्या चुलीची राख. पेरूला, घासाला कंपनीच्या कागदावर लिहायला इंग्रजी शब्द होते. विझलेल्या चुलीला नव्हता. तिथं ग्रेस नुसतं 'धूर' लिहायची. चौथीही लाल, पण यंदाची, कोवळी. कवठाच्या करवंटीसारखी जीभ खरवडत होती. दोन वर्षं अंधारात ठेवली तर माणसांत येईल, असं ग्रेसला वाटलं.

पाचवी गोड होती, वेलीवरच सुकत आलेल्या द्राक्षांची. तो ग्लास ती उचलणार, तेवढ्यात पिंपांवर देखरेख करणारा खंडू आत आला.

"मॅडम, गेटावर एक म्हातारबाबा आल्यात. नाव इचारलं तर सांगत न्हाईत. म्हंत्यात, ग्रेसला सांगा, शिरूरचा माणूस आलाय."

ग्रेसचा हात ग्लासाच्या दांडीवर तसाच राहिला.

"गिऱ्हाईक वाटत न्हाईत," खंडू म्हणाला. "नाकाला रुमाल लावून हुबं हायेत."

त्यांना पिंपांच्या बाजूनं आणू नकोस, ऑफिसकडून आण, एवढंच तिनं सांगितलं.

सत्यवान मास्तर आत आले आणि दाराशीच थांबले. रुमालाची घडी त्यांनी नीट घालून खिशात ठेवली. खांद्याला कापडी पिशवी होती. मुलगी इथं नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती, आणि ते इथं पहिल्यांदाच येत होते.

शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, ते पंच होते. ग्रेसला ही नोकरी लागली तेव्हा सगळ्या मंडळीपुढं बसलेल्या पंचकमिटीत विषय त्यांनीच काढला, दुसऱ्या कुणाला तोंड उघडायची वेळ येऊ दिली नाही. ज्याची भाकर दारूवर चालते त्यानं प्रभुभोजनाला बसू नये, असं ते म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. मग त्यांनीच रीतीप्रमाणं मुलीला विचारलं, तुला काही बोलायचं आहे का. ग्रेसनं तोंड उघडलं होतं. मग बायकांच्या बाकावर बसलेल्या आईकडं, दयाबाईकडं, तिची नजर गेली आणि ती नाही म्हणाली. तेव्हापासून सणासुदीला ती उपासनेला यायची, शेवटच्या बाकावर बसायची, आणि प्रभुभोजनाचा प्याला फिरू लागला की उठून बाहेर हापशाजवळ जाऊन उभी राहायची. त्याआधी, दृढीकरण होऊन तो हक्क मिळाल्यापासून, अगदी वाईनचं शिकत असतानाही, तो प्याला तिनं कधी चुकवला नव्हता. वाईनऐवजी त्यात असायचा तो मनुकांचा रस चाळीस वर्षं दयाबाईच करायची. गेल्या पावसाळ्यात ती गेली. आता तो रस सत्यवान मास्तर करत होते.

ते बसले नाहीत. न्हावऱ्यापर्यंत एसटीत उभं राहावं लागलं, असं म्हणाले. खंडूनं चहा आणू का विचारलं तेव्हा त्यांनी टेबलावरच्या ग्लासांकडं पाहिलं, मग खंडूकडं.

"इथला चहा?"

"च्याच असतो मामा, दुसरं काय न्हाई त्यात," खंडू म्हणाला आणि गेला.

मग त्यांनी पिशवीतून सरबताची एक जुनी बाटली काढून टेबलाच्या कडेला ठेवली, बाकीच्या ग्लासांपासून वीतभर लांब. येण्याचं कारण सांगू लागले. जॉन्सन आठवतो का, एसटी डेपोतला ड्रायव्हर, दारूपायी बायको माहेरी निघून गेली होती तो? वर्ष झालं, दारू सोडून तो मंडळीत आला. दारूची चव माहीत असलेला मंडळीतला तो पहिलाच माणूस, निदान तसं कबूल केलेला. गेल्या महिन्यात त्याचं दृढीकरण झालं आणि प्याला पहिल्यांदाच त्याच्यापर्यंत आला. त्यानं तो ओठांपर्यंत नेला, आणि न पिता पुढं दिला. उपासना सुटल्यावर मास्तरांना बाजूला घेऊन गेला.

"म्हणाला, मास्तर, रागावू नका. ह्या वासाची आन् माझी वळख हाय."

ग्रेसनं बाटलीकडं पाहिलं.

"मी चाखतो रोज," ते म्हणाले. "मला तर तो तुझ्या आईच्या हातचाच लागतो. परवाच्या गुरुवारी प्रभुभोजन आहे. तुला कळतं म्हणतात."

ग्रेसनं एक कोरा ग्लास घेतला आणि बाटलीतला रस त्यात ओतला. उजेडाकडं धरला. गुळवणीचा रंग, जरा गढूळ. काचेच्या कडेला बारीक बुडबुड्यांची एक माळ धरली होती. ग्लास फिरवून तिनं नाक खाली नेलं. वर मनुका, साखरेचा पाक. खाली आंबवलेल्या पिठाचा वास, परातीवरचं फडकं उचलल्यावर येतो तसा. तोंडात घेतल्यावर गोडी अपेक्षेपेक्षा कमी निघाली. जिभेच्या टोकाला चुणचुण, घशाशी किंचित ऊब. तिनं तो बाकीच्यांइतकाच वेळ तोंडात धरला. मग बादलीकडं पाहून थबकली.

"थुंक," मास्तर म्हणाले. "त्याच्यावर अजून प्रार्थना झालेली नाही."

ती थुंकली. त्यांनी मान फिरवली होती.

"आंबलाय?"

"हो."

"म्हणजे दारूच."

"थोडी. बिअरच्या निम्मी असेल."

तेव्हा ते खुर्चीवर बसले.

कसा करता, ते तिनं विचारलं. शाळेत प्रयोग सांगावा तसं त्यांनी ओळीनं सांगितलं. मनुका धुवायच्या, शिजवायच्या, कुस्करून फडक्यातून गाळायच्या, रस गार करायचा, आठवडाभर आधी चिनीमातीच्या बरणीत भरायचा. बरणी तीच, दयाबाईची. तिला साबण लावायचा नाही, प्याल्यात वास उतरतो. नुसती पाण्यानं विसळायची, तीही वरूनवरून. तळाशी मागच्या महिन्याचा थोडा रस राहू द्यायचा, म्हणजे चव तीच राहते. विरजणासारखं. हे सगळं दयाबाईनं दवाखान्यातल्या खाटेवर दोनदा वदवून घेतलं होतं.

"यातलं तुम्ही काही बदललं नाही?"

"कशाला बदलीन?"

ग्रेसनं मान हलवली. मग तिनं कामाचं सांगितलं. ती बरणी यासाठी वापरू नका. काचेची बाटली उकळून घ्या, रस त्याच सकाळी करा, जुन्यातला थेंबही मिसळू नका. जॉन्सनलाही घेता येईल. मास्तर हो म्हणत होते, पण ऐकत नव्हते. सरबताच्या बाटलीचं झाकण ते लावत होते, काढत होते. गुरुवारी मंडळीपुढं उभा राहणार, असं ते म्हणाले. वर्षभर माझ्या हातून तुम्हांला दारू पाजली गेली, असं सांगणार आणि पंचपद सोडणार. लेकीला ज्या कारणासाठी उठवलं, त्याच कारणासाठी स्वतः उठणार. हे म्हणताना त्यांनी लेकीकडं पाहिलं नाही. भिंतीवर द्राक्षांच्या घडाचं एक छापील चित्र होतं, त्याच्याकडं पाहून म्हणाले.

"उठण्याचं काही नाही," ते म्हणाले. "मला वाईट तिचं वाटतं. चाळीस वर्षांत तिच्या हातून एकदा असं झालं नाही. तेवढं एक काम ती मला सोपवून गेली, आणि मी नासवलं. मरणाच्या दारात दोनदा समजावलं गं तिनं."

खंडू चहा ठेवून गेला. मास्तरांनी कपाला हात लावला नाही. चष्मा काढून ते तो धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले, बराच वेळ, दोन्ही बाजूंनी.

ग्रेसनं पाचवा ग्लास न चाखताच बादलीत रिकामा केला आणि ती समोरच्या खुर्चीवर बसली.

"पप्पा, तुम्ही काही नासवलं नाही," ती म्हणाली. "कमिटीत मला विचारलं होतंत ना, काही बोलायचंय का? मला हेच बोलायचं होतं. आईचाही असाच असायचा."