मधली जागा

रॅन्सम गेलार्डने हिरव्या कोटाचं बटण भलत्याच काजात अडकवलं. मुलीने ते काढलं आणि नीट लावून दिलं.

"डॅडी, मी वर गॅलरीत बसणार आहे," व्हर्लीन म्हणाली. "क्लिओकाकांवर नजर ठेवा. ते थांबले की तुम्ही थांबायचं."

"कॉलेजपासून याच्या मागेच उभा आहे मी," रॅन्सम म्हणाला. "याचं टक्कल पडलं ते वरून पाहिलंय. पहिल्या केसापासून."

क्लिओफस टार्व्हर खो खो हसला. व्हर्लीनने त्याला विधानभवनाच्या खांबाआड नेलं.

"काका, परवा स्टोव्ह तसाच चालू ठेवून डॅडी चर्चला गेले होते. आज इथे चारचौघांत गोंधळ घातला तर मी इथूनच त्यांना शिकागोला माझ्या घरी नेणार. बॅग गाडीत आहे."

"मी आहे ना."

हे सांगणारा माणूस कोण, तर पुरात पकडलेल्या एका माशाने आपली होडी दोन गावं पलीकडे ओढत नेली, असं शपथेवर सांगणारा. व्हर्लीनने मान हलवली आणि ती जिना चढून गेली.

रॅन्सम आणि क्लिओफस ज्याचे सभासद, त्या काळ्या विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळाला शंभर वर्षं झाली होती, म्हणून राज्याच्या सभागृहात आज गौरवाचा ठराव होता. मंडळात येणारी मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी राहत. बुटका पुढे, उंच शेवटी, प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. शेवटच्याने आपला आकडा पुकारायचा, मग त्याच्या पुढच्याने, असं करत रांग पहिल्यापर्यंत यायची. पुकारलेला आकडा अनुत्तरित राहता कामा नये, हा नियम. यांच्या तुकडीत क्लिओफस पहिला, रॅन्सम पाचवा. मधले तिघे, लेम्युअल, झीक आणि होझिया, एकेक करून मातीत गेले होते. दोघे तरीही मधली जागा मोकळी ठेवूनच उभे राहत, आणि तिघांचे आकडे क्लिओफस पुकारी. याच इमारतीच्या पायऱ्यांवर हे पाचजण तरुणपणी एकदा मतदानाच्या हक्कासाठी रांग लावून उभे राहिले होते. तेव्हा मार्शलांनी ती रांग मोडली होती. ती मोडायला घोडे आणावे लागले, असं क्लिओफस सांगे. घोडे खरे होते. त्यांची संख्या मात्र दरवर्षी वाढत असे.

सभागृहाचा घुमट असा उंच, की सकाळी केलेलं भाषण जेवणाच्या सुट्टीनंतर खाली येत असावं. ठराव वाचला गेला. सगळ्यांनी होकार दिला. एकट्या हॉलिस प्रुएट नावाच्या गोऱ्यापान, गुबगुबीत प्रतिनिधीने, सभागृहाचा वेळ असल्या कामांसाठी नसतो, असं म्हणून विरोध नोंदवला. मग फोटोची वेळ आली, आणि पुढच्या साली निवडणूक असल्यामुळे सगळ्यांत आधी प्रुएटच उठला.

दोघे म्हातारे आपल्या सवयीने उभे राहिले होते. एक या टोकाला, एक त्या टोकाला.

"साहेब, जरा जवळ या ना," फोटोवाला म्हणाला.

"आम्ही जवळच आहोत," क्लिओफस म्हणाला.

फोटोवाल्याला ते कळलं नाही. प्रतिनिधींना मात्र मोकळी जागा लगेच दिसली. तिघे आत शिरले. प्रुएट नेमका रॅन्समपुढे आला आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसला.

क्लिओफसच्या मानेची शीर ताठ झाली. तो बोलणार, एवढ्यात मागून रॅन्समचा भलामोठा हात प्रुएटच्या खांद्यावर पडला.

"होझिया," रॅन्सम म्हणाला, "खांदे पाडून काय उभा राहतोस? पाठ सरळ कर."

वर गॅलरीत व्हर्लीन उठून उभी राहिली.

प्रुएटने मागे वळून पाहिलं. वर एक फार म्हातारा, फार शांत चेहरा होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, सगळे त्याच्याकडेच पाहत होते. त्याने पाठ सरळ केली.

"हात पुढच्याच्या खांद्यावर."

प्रुएटने हात ठेवला. पुढच्या दोघांनीही ठेवले.

"पाच!" रॅन्सम गरजला. मग खांद्यावर थाप मारून म्हणाला, "तुझा आकडा, होझिया. वाट बघतायत सगळे."

"चार," प्रुएट म्हणाला.

"हे काय? तुझी आई पलीकडच्या गल्लीत आहे, तिला ऐकू जायला हवं."

"चार!"

"तीन," पुढचा म्हणाला. "दोन," त्याच्या पुढचा.

क्लिओफसच्या खांद्यावर कितीतरी वर्षांनी कुणाचा तरी हात होता. त्याने टाय सारखा केला. घसा खाकरला. फोटोवाला कॅमेरा खाली धरून उभा होता.

"एक," क्लिओफस म्हणाला.

गाडीपाशी येताच व्हर्लीनने क्लिओफसला बाजूला घेतलं. तिचे डोळे लाल होते.

"काका, पाहिलंत ना तुम्ही? मेलेल्या माणसाला हाका मारत होते."

"त्याला सगळं समजत होतं, पोरी. पक्का बदमाश आहे तो."

"आज तरी थापा नकोत, काका."

क्लिओफसने गाडीचं दार उघडलं. आयुष्यात एकदा खरं बोलला होता, आणि तेही वाया गेलं.

रॅन्सम मागच्या सीटवर डाव्या कडेला बसला, क्लिओफस उजव्या. मध्ये शिकागोची बॅग होती. व्हर्लीनने किल्ली लावली, पण गाडी चालू केली नाही.

"होझियाचा खांदा लाकडासारखा होता," मागून रॅन्सम म्हणाला. "या प्रुएटचा म्हणजे फुगलेलं पीठ नुसतं. विरोधात मत देणारा तोच ना?"

व्हर्लीनने आरशात पाहिलं.

"मग ओळखलं होतं तर तिथंच का नाही बोललात, डॅडी?"

"बोललो असतो तर तो सरळ उभा राहिला असता का?"

क्लिओफसने खिडकीबाहेर तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते.

"आणि तो स्टोव्ह?" तिने विचारलं.

"तो मात्र विसरलो," रॅन्सम म्हणाला.

ती खाली उतरली, मागचं दार उघडलं, दोघांच्या मधली बॅग उचलली आणि पुढे आपल्या शेजारी ठेवली. मागची मधली जागा मोकळी झाली.

"घराची किल्ली आहे ना जवळ?"

"उजव्या खिशात," रॅन्सम म्हणाला.

तिने पडताळून पाहिलं नाही.