कानाचं कॉस्टली मशीन

मित्रांनो, मी एक कानाचं मशीन आहे. वयानं जुनं, पण त्यातली बरीच वर्षं मी डबीत झोपून काढली.

कागलच्या एमआयडीसीत ओव्हरटाइम करून मृत्युंजयनं मला वडिलांसाठी, रुद्राप्पांसाठी घेतलं. दुकानदारानं बजावलं, ‘जपून हं, कॉस्टली आहे.’ घरी त्याच नावानं माझं बारसं झालं. रुद्राप्पांनी पाचवीतल्या नातीला, रक्षिताला, शब्दाचा अर्थ विचारला. तिनं अज्जाच्या कानाशी ओरडून सांगितलं, की फार किमतीच्या वस्तूला कॉस्टली म्हणतात. मोटार कॉस्टली, सोन्याच्या पाटल्या कॉस्टली, पण खडू नाही. वर ‘माझ्या अज्जाचं मशीन कॉस्टली आहे’ असं इंग्रजी वाक्यही तिनं वहीत लिहिलं. मला अंग ते केवढं, पण त्यावरही मूठभर मांस चढलं.

रुद्राप्पांनी मात्र त्या शब्दाचा आपला अर्थ लावला. कॉस्टली म्हणजे रोज वापरायचं नाही. त्यांनी मला कपाटात पाटल्यांशेजारी ठेवलं. लग्नकार्य निघालं किंवा पावणं आलं, की मी बाहेर. परक्यांचं बोलणं ते माझ्यातून नीट ऐकत. घरच्यांना नुसती मान हलवून ‘व्हय, व्हय’ म्हणत.

एकदा पाहुणे गेले आणि त्यांनी मला लगेच कानातून काढलं. तेव्हा त्यांची बायको अक्काताई म्हणाल्या, “माझ्यासंगं बोलतानाबी घाला की ते.” तेही त्यांना ऐकू गेलं नाही. मला फार वाईट वाटलं.

मग बरेच दिवस मी कपाटातच होतो. बाहेर निघालो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. अक्काताई गेल्या होत्या आणि लोक समाचाराला आले होते. शेवटी काही बोलल्या का, असं कुणीतरी विचारलं. रुद्राप्पांनी सांगितलं, की ती गेली त्या दुपारी घरात दोघंच होती. तिनं हात धरून बराच वेळ काहीतरी सांगितलं.

“मी व्हय म्हटलं,” ते रडत म्हणाले. “कशाला म्हटलं, ठावं न्हाय.”

आता ते मला उठल्यापासून निजेपर्यंत घालतात. दुपारी तिच्या रिकाम्या कॉटशेजारी बसतात. पंखा ऐकू येतो, रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू येतो. मी माझं काम चोख करतो, पण त्यांना जे हवं आहे ते मला आणून देता येत नाही.

मित्रांनो, किमती वस्तू पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका. आधी घरच्यांसाठी बाहेर काढा, ती माणसं बोलती आहेत तोवर.