डब्यातली खडी

धाकटीला टाळ्या पडल्या की मोठीच्या पोटात दुखायचं. नुसतं म्हणण्यापुरतं नाही, बरगडीखाली खरोखरच दुखायचं. आणि अलीकडे धाकटीला टाळ्या फार पडत होत्या.

दोघी सख्ख्या जावा. भंगार वेचणाऱ्यांच्या वस्तीत एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहायच्या. मोठीने या वस्तीसाठी चौदा वर्षं पुरवठा कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. वस्तीत पहिलं सरकारी धान्य आलं ते तिच्या चिवटपणामुळे. शिपायाने हाकललं की उठायची आणि तो आत गेला की पुन्हा तिथेच बसायची. लिहिण्यावाचण्याच्या नावाने आनंद होता, म्हणून तिने आपली रीत काढली होती. कुणाच्याही घरी जायचं, इकडचं तिकडचं बोलायचं आणि बोलता बोलता धान्याचा डबा उचलून बाजूला ठेवायचा. ‘‘इथे ओल येते गं,’’ असं काहीतरी म्हणायचं. तेवढ्यात वजनावरून तिच्या हाताला कळायचं, या घरात किती दिवसांचं आहे ते. वस्तीने तिचं नाव ‘काटा’ पाडलं होतं, आणि ते ऐकताना तिची मान आपोआप ताठ व्हायची.

मग धाकटी लग्न होऊन आली. दहावी झालेली, बोलायला गोड. आल्या आल्या लोकांचे अर्ज लिहून द्यायला लागली. नव्याचे नऊ दिवस, अशी मोठीने स्वतःची समजूत घातली. त्या नऊ दिवसांची दोन वर्षं झाली. मोठी दारात बसलेली असली तरी लोक तिला ओलांडून शेजारचं दार वाजवत. वर तिलाच विचारत, ‘‘काटा, धाकटी आहे का गं घरात?’’

त्यात कचरा निवडायचा कारखाना बंद पडला आणि सगळी वस्ती हात चोळत बसली. वेचणाऱ्यांच्या संघटनेने भांडून तातडीचं धान्य मंजूर करून घेतलं. घरोघर फिरून यादी करायची होती. ज्यांच्या घरात आठवड्याचं धान्य असेल त्यांना आत्ता काही नाही, नसेल त्यांनाच मिळणार. यादीचं काम धाकटीला मिळालं. मोठीला कुणी विचारलंसुद्धा नाही.

धाकटी यादी घेऊन भिंतीपलीकडून अलीकडे आली. ‘‘जाऊबाई, तुमच्याकडे आठवड्याचं असेल का?’’

मोठीचा डबा दोन दिवसांपासून रिकामा होता. पण त्या उघड्या पेनासमोर ‘नाही’ म्हणायचं? तिने सकाळीच रस्त्याच्या कडेची बारीक खडी डब्यात भरून ठेवली होती. तिने डबा हलवला. ‘‘ऐक, वाजतोय. तुझ्या यादीवाचून आमचं काही अडलेलं नाही.’’

धाकटीने मान खाली घालून ‘आहे’ असं लिहिलं.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर यादी वाचली गेली आणि टाळ्या पडल्या. मोठीने कान टवकारले. मोचीणबाईकडे धान्य आहे? हमालाच्या घरी आहे? दुसऱ्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पुन्हा घरोघर फिरली, चुका शोधायला. डबे उचलले. आवाज कानाला फसवतो, हाताला नाही. खडी हाताला खाली ओढते. चौदा डब्यांत खडी निघाली. लिहून घेणाऱ्या पोरीसमोर उपाशी म्हणवून घ्यायची लाज एकट्या मोठीलाच वाटली नव्हती.

आणि मोठीला आनंद झाला. वाईट वाटण्याआधी आनंद झाला. वाटपाच्या दिवशी गोंधळ होईल, धाकटी तोंडघशी पडेल, आणि मग सगळे काट्याकडे येतील. ती गप्प बसली. घरी नवरा म्हणाला, ‘‘भूक लागली.’’ ती म्हणाली, ‘‘पाणी पी आणि तोंड बंद ठेव.’’

चार दिवसांनी पुरवठा कचेरीचा अधिकारी यादीवर सही करायला वस्तीत आला. शाळेच्या पटांगणात सगळे जमले. धाकटी उभी राहून बोलली, आणि मोठीला कबूल करावंच लागलं की पोरगी छान बोलते. ‘‘हे दान नाही साहेब, आमचा हक्क आहे,’’ ती म्हणाली. पुन्हा टाळ्या. मोठीच्या बरगडीत कळ आली.

अधिकाऱ्याने पेन काढलं. ‘‘एक लक्षात घ्या. आज सही झाली की यादी बंद. नवीन नावं तीन महिन्यांनी.’’

तीन महिने. मोठीने गोंधळ एका दिवसाचा धरला होता. तिने समोर पाहिलं. मोचीणबाई टाळ्या वाजवत होती, आणि तिच्या उपाशी हातांचा आवाजच येत नव्हता.

मोठी उठली. ‘‘साहेब, सही थांबवा,’’ एवढं बोलून ती घराकडे पळाली. परत आली ती डबा घेऊन. टेबलाजवळ जाऊन तिने तो यादीवरच उपडा केला. खडी घरंगळत अधिकाऱ्याच्या मांडीवर गेली.

‘‘हे माझ्या घरचं धान्य. यादीत ‘आहे’ असं लिहिलंय. मी खोटं बोलले.’’

धाकटीचा चेहरा उतरला होता. ‘‘जाऊबाई, मला का नाही सांगितलंत?’’

‘‘कारण टाळ्या तुला पडत होत्या,’’ मोठी म्हणाली. ‘‘मला बघवत नव्हतं.’’ मग अधिकाऱ्याकडे वळून म्हणाली, ‘‘अजून घरं आहेत. मी नावं सांगणार नाही. ज्याचं त्याने ठरवावं.’’

मग मोचीणबाई उठून घराकडे गेली आणि डबा काखेत मारून आली. तिच्यामागून हमालाची बायको. अधिकारी मांडीवरची खडी झटकत म्हणाला, ‘‘यादी उद्या आणा. नीट करून.’’

धाकटी डोळे पुसत कागद गोळा करायला लागली. ‘‘तुम्हीच करा आता यादी. मला जमत नाही.’’

हेच ऐकायला मोठी दोन वर्षं आसुसली होती. बरगडी मात्र अजून दुखतच होती. हाताने वजन ओळखणं ही एकच गोष्ट तिच्याकडे होती, जी धाकटीकडे नव्हती. तिने जमिनीवर ठेवलेला मोचीणबाईचा डबा उचलला आणि धाकटीच्या हातात दिला.

‘‘रडू नकोस. उचल नीट, खालून धर. खडी खाली ओढते, कळतंय? आता डोळे मिट आणि पुन्हा उचल.’’